स्वस्तिक वळतं कुठे, आणि म्हणतं काय?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी शिकायला युरोपात आहे. दिवाळीत तिनं वसतिगृहातल्या खोलीच्या दारावर कुंकवानं स्वस्तिक काढलं. शेजारच्या खोलीतली मुलगी ते बघून पांढरीफटक पडली, कारण तिच्या पणजीच्या घरची माणसं छळछावणीतून परतलीच नव्हती. तुम्ही फोनवर लेकीला म्हणालात, "तिला सांग, आपलं सुलट असतं, त्यांचं उलट होतं." आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे खरं का, स्वस्तिकाचा नेमका अर्थ काय, चार हात म्हणजे चार वेद की चार पुरुषार्थ, आणि जपानी देवळांवरचं स्वस्तिक उलटं असूनही पवित्र कसं.

मी तीसेक वर्षं पौरोहित्य करते. वास्तुशांत असो की सत्यनारायण, पहिलं बोट कुंकवात बुडतं ते स्वस्तिकासाठीच. त्याच्या जोडीला लेणी आणि शिलालेख बघत फिरायचा नाद आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते फोनवरचं वाक्य मागे घ्या. नाझींचं चिन्हही उजव्या वळणाचंच होतं. उभ्या रेघेचं वरचं टोक उजवीकडे वळतं ते उजवं स्वस्तिक. आपण दारावर काढतो ते तसं, आणि त्यांच्या झेंड्यावरचं होतं तेही तसंच. फरक दिशेचा नाही. त्यांचं बहुतेक वेळा ४५ अंशात कललेलं, काळं, पांढऱ्या वर्तुळात आणि लाल पार्श्वभूमीवर असायचं. आपलं सरळ बसलेलं असतं आणि चार घरांत चार ठिपके असतात. पण ज्या मुलीच्या घरातली माणसं मारली गेली तिला आपण हे कोनमापकानं समजावणार आहोत का? शिवाय आपल्याच लोकांनी पसरवलेलं हे "उलट-सुलट" तिनं तपासलं तर आपलं पुढचं खरं बोलणंही तिला खोटं वाटेल.

आता अर्थाकडे. सु म्हणजे चांगलं, अस्ति म्हणजे आहे. त्यातून "स्वस्ति", म्हणजे कल्याण, क्षेम. त्याला "क" लागून स्वस्तिक. एवढं शाळेत शिकवतात. पण हा शब्द वापरतात कसा, तिकडे बघा. पुण्याहवाचनात यजमान हात जोडून विचारतो, "स्वस्ति भवन्तो ब्रुवन्तु", म्हणजे आपण "स्वस्ति" म्हणावं. आणि आम्ही म्हणतो, "आयुष्मते स्वस्ति." असं तीनदा. इथे स्वस्ति कुठल्या गोष्टीचं वर्णन करत नाही. ते तोंडातून निघालं की आशीर्वाद घडला. ऋग्वेदातली "स्वस्ति न इन्द्रो वृद्धश्रवाः" ही ऋचा तुम्ही गणपती अथर्वशीर्षाच्या शांतिमंत्रात दर वेळी म्हणता. तिच्यातही इंद्र, पूषा, तार्क्ष्य आणि बृहस्पती यांच्याकडे एकच मागणं आहे: आम्हाला स्वस्ति दे.

बालीत दोन माणसं भेटली की म्हणतात, "ओम स्वस्त्यस्तु". थायलंडमधलं "सवत्दी" ऐकायला वेगळं वाटतं, पण तेही स्वस्तीवरूनच आलेलं. आपले ताम्रपट "स्वस्ति श्री" म्हणून सुरू होतात. राज्याभिषेकानंतरच्या शिवाजी महाराजांच्या पत्रांत "स्वस्तिश्री राज्याभिषेक शके" येतं. म्हणजे बोलण्याच्या, लिहिण्याच्या, घरात शिरण्याच्या आरंभी म्हणायचा हा शब्द. स्वस्तिक म्हणजे हाच शब्द, अक्षरं न वापरता लिहिलेला. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तो दाराशीच कळतो. चोपडीच्या पहिल्या पानावर, कलशाच्या पोटावर, उंबरठ्यापाशी, मुंजीच्या अक्षतांच्या पिशवीवर: जागा बघा, सगळीकडे ते सुरुवातीला उभं असतं. मला विचाराल तर स्वस्तिकाचा अर्थ त्याच्या रेघांपेक्षा त्याच्या या जागेत जास्त आहे.

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतल्या लेखांजवळ स्वस्तिक दिसतं. दान कुणी दिलं, कशासाठी दिलं हे ब्राह्मी लिपीत खोदायचं आणि मजकुराच्या कडेला चिन्ह. ओडिशात उदयगिरीच्या हाथीगुंफेत राजा खारवेलाचा मोठा लेख आहे. तो सुरू होतो "नमो अरहंतानं" असा, आणि त्याच्या आरंभाशीही स्वस्तिक कोरलंय. एकीकडे बौद्ध उपासक, दुसरीकडे जैन राजा, आणि आपल्याकडे दुकानाची वही उघडणारा वाणी. तिघांची सवय एकच.

चिन्ह मात्र शब्दाच्याही आधीचं दिसतं. मोहेंजोदडो आणि हडप्प्याला छोट्या चौकोनी मुद्रा सापडल्या आहेत, साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० या काळातल्या, ज्यांवर स्वस्तिकाशिवाय दुसरं काहीच नाही. नखाएवढ्या. आणि त्यांत उजवं-डावं दोन्ही आहे. त्यांची लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे ते लोक त्याला काय म्हणत आणि कशासाठी उमटवत यावर जो छातीठोकपणे बोलेल त्याच्यापासून लांब राहा.

व्याकरणातली एक गंमत सांगते. पाणिनीनं गुरांच्या कानांवर करायच्या मालकीच्या खुणांसाठी एक सूत्र लिहिलंय. खुणेच्या नावापुढे "कर्ण" शब्द आला की आधीचा स्वर दीर्घ होतो, पण काही नावांना हा नियम लागू नाही. त्या अपवादांच्या यादीत शेवटचा शब्द आहे स्वस्तिक. म्हणजे तेव्हा कुणाच्या तरी गायीच्या कानावर स्वस्तिक होतं, आणि त्या गायीला काय म्हणायचं हा व्याकरणाचा प्रश्न होता! सुश्रुतसंहितेत "स्वस्तिकयंत्रं" येतात: हाडात रुतलेलं शल्य ओढून काढायचे चिमटे, चोवीस प्रकारचे, कुणाचं तोंड सिंहासारखं तर कुणाचं पक्ष्यासारखं. दोन पाती एकमेकांना छेदून जातात म्हणून ते स्वस्तिक. नृत्यात मनगटं एकमेकांवर आडवी ठेवली की स्वस्तिक हस्त, आणि योगात पाय गुंफून बसलं की स्वस्तिकासन. इथे देवबीव काही नाही, नुसता आकार. पवित्र शब्द असा वैद्याच्या हत्यारापर्यंत आणि गुराख्याच्या डागणीपर्यंत सहज पोचलेला असतो, तेव्हा तो समाजात खोल मुरलेला आहे असं समजावं.

चार वेद, चार आश्रम, चार पुरुषार्थ, चार दिशा, सूर्याची गती, गणपतीचं रूप: हे सगळं खोटं नाही, पण मागाहून आलेलं आहे. चार हात दिसले की चाराचा जो संच मनात असतो तो माणूस त्यांत भरतो. मी स्वतः लहान मुलांना दिशाच सांगते, कारण त्यांना त्या बोटानं दाखवता येतात. मोठ्यांनी "नक्की कुठलं चतुष्टय?" म्हणून भांडू नये. अपवाद एकच, जैन परंपरा. तिथे चार हातांचा अर्थ पक्का आहे, आणि तो आपल्यापेक्षा बराच कठोर आहे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्या शेजारच्या काकू जैनांतल्या मूर्तिपूजक श्वेतांबर पंथाच्या. एकदा त्यांच्याबरोबर देरासरात, म्हणजे त्यांच्या देवळात, गेले. दर्शन झाल्यावर त्या पाटापुढे बसल्या, डबीतून अखंड तांदूळ ओतले आणि बोटानं ते सारायला लागल्या. खाली स्वस्तिक, त्याच्या वर ओळीत तीन लहान ढिगल्या, सगळ्यात वर चंद्रकोर आणि तिच्यावर एक ढिगली. तांदूळ बोटाला चिकटत नाहीत, कुंकवासारखे पसरतही नाहीत. कोपरा मोडायचा तर नखानं हलकेच ढकलावं लागतं. काकूंचा हात इतका सरावलेला की मिनिटभरात झालं. मग त्यांनी स्वस्तिकावर खडीसाखरेचा खडा ठेवला आणि चंद्रकोरीवर एक बदाम.

मी विचारलं, साखर खाली आणि बदाम वर का? त्या म्हणाल्या, "अगं, खालचे चार हात म्हणजे चार गती. देव, मनुष्य, तिर्यंच म्हणजे पशुपक्षी वगैरे, आणि नारक. जीव त्यातच फिरत राहतो, म्हणून गोडधोडाचा मोह तिथेच सोडायचा. या तीन ढिगल्या म्हणजे दर्शन, ज्ञान, चारित्र. त्यांच्या वाटेनं गेलं की वर सिद्धशिला, मुक्त जीवांची जागा. फळ तिथलं हवं."

मी थक्क झाले. आपण "भरभराट होवो" म्हणून जे दारावर काढतो तेच चिन्ह इथे त्या भरभराटीसकट सगळ्या फेऱ्याचं चित्र होतं, आणि त्यातून सुटायचं होतं. देवगतीसुद्धा त्या फेऱ्यातच! तरीही जैनांत स्वस्तिक अमंगळ मानत नाहीत, उलट अष्टमंगलांत श्वेतांबर त्याला पहिलं घेतात. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचं लांछन, म्हणजे ओळखीचं चिन्हही, स्वस्तिकच. मथुरेच्या कंकाली टेकाडात सापडलेल्या आयागपटांपैकी, म्हणजे पूजेच्या कोरीव शिळांपैकी, एकावर मधोमध भलंमोठं स्वस्तिक कोरलंय, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्याचे हात इतके वळणदार की ते आधी वेलबुट्टीच वाटतं. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षानिमित्त १९७० च्या दशकात सगळ्या जैन पंथांनी मिळून जे प्रतीक स्वीकारलं, त्यातही वर सिद्धशिला, तीन बिंदू आणि त्याखाली स्वस्तिक आहे, म्हणजे काकूंच्या पाटावरचंच चित्र. अमेरिकेतल्या जैन संघांच्या महासंघानं मात्र आपल्या बोधचिन्हात स्वस्तिकाच्या जागी ॐ ठेवला. शेजाऱ्यांच्या जखमेचा विचार करून कुणी असं केलं तर त्यानं धर्म सोडला असं मला वाटत नाही, आणि कुणी नाही केलं तरी तो निर्दय ठरत नाही.

बौद्धांकडे स्वस्तिकाचा पहिला प्रवेश मला फार आवडतो, कारण तो माणसाच्या नावानं होतो. बोधिवृक्षाखाली बसण्याआधी सिद्धार्थाला वाटेत एक गवत कापणारा भेटला. त्यानं आठ मुठी गवत दिलं, तेच आसन झालं, आणि त्या आसनावर ज्ञान झालं. संस्कृत ग्रंथांत त्या माणसाचं नाव स्वस्तिक, पालीत सोत्थिय. इथेही ते आरंभालाच आहे. पुढे बुद्धाच्या हातापायांवरच्या शुभचिन्हांत श्रीवत्स आणि नंद्यावर्ताबरोबर स्वस्तिक येतं. अमरावतीच्या स्तूपातल्या बुद्धपादांवर ते कोरलेलं आहे. (अमरावती आंध्रातली, आपली विदर्भातली नव्हे, मी एकदा या घोटाळ्यात सापडले होते.)

तिथून ते चीनला गेलं आणि बुद्धमूर्तीच्या छातीवर बसलं. चीनमध्ये ते नुसतं चिन्ह राहिलं नाही, अक्षर झालं. सम्राज्ञी वू त्सध्येन हिनं ६९३ साली त्याचा उच्चार "वान" ठरवून दिला, म्हणजे "दहा हजार" या शब्दाचाच. दहा हजार म्हणजे तिकडे अगणित, सर्व काही, सगळी मंगलं एकत्र. जपानीत तेच "मांजी". आणि हे बहुतेक डावं असतं, वरचं टोक डावीकडे वळणारं. जपानच्या नकाशांत बौद्ध मंदिराची खूण हीच. उत्तरेकडच्या हिरोसाकी शहराचं तर अधिकृत चिन्हच मांजी आहे. २०१६ मध्ये परदेशी पाहुण्यांच्या नकाशांत त्याऐवजी पॅगोड्याचं चित्र घालावं अशी सूचना आली तेव्हा जपानमध्येही तुमच्या घरात चाललाय तसाच वाद झाला.

आणखी एक गोष्ट तुमच्या लेकीला जरूर सांगा. चीनमध्ये १९२२ साली एक सेवासंस्था निघाली, रेड क्रॉसच्या धर्तीवर. तिचं नाव लाल स्वस्तिक संघ. १९३७ मध्ये जपानी सैन्यानं नानजिंगमध्ये कत्तल केली, तेव्हा बेवारस पडलेली हजारो प्रेतं उचलून त्यांना माती दिली ती या संघाच्या स्वयंसेवकांनी. जर्मनीत तोवर तेच चिन्ह राष्ट्रध्वजावर चढून दोन वर्षं झाली होती.

डाव्या स्वस्तिकाचा सगळ्यात ठाम उपासक मात्र तिबेटचा बोन पंथ. ते त्याला "युंगद्रुंग" म्हणतात, म्हणजे शाश्वत, न ढळणारं, आणि स्वतःच्या धर्मालाही युंगद्रुंग बोन. त्यांचे आद्य गुरू तोनपा शेनरब यांच्या हातातल्या दंडाच्या दोन्ही टोकांना स्वस्तिक असतं. कैलासाला ते नऊ मजली युंगद्रुंग पर्वत मानतात. त्याची प्रदक्षिणा हिंदू आणि बौद्ध यात्रेकरू पर्वत उजव्या हाताला ठेवून करतात; बोनपो उलट दिशेनं चालतात. म्हणजे एकाच वाटेवर हे समोरासमोर येतात, एकमेकांना वाट देतात आणि पुढे जातात. कुणाची प्रदक्षिणा अशुभ?

यावरून तुमच्या दिशेच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. आपल्या पूजेत उजवं काढतात, कारण आपली प्रदक्षिणा, आरतीचं ताट फिरवणं, सगळं सव्य, म्हणजे उजव्या वळणाचं असतं. त्याच शिस्तीत ते बसतं, म्हणून तेच काढावं. पण "डावं म्हणजे काळी जादू" हे अलीकडचं पसरवलेलं आहे. पाश्चात्त्य लेखनात डाव्याला "सौवस्तिक" असं वेगळं नाव दिलेलं आढळतं, आणि आपले लोकही ते हौसेनं उचलतात. संस्कृतात सौवस्तिक म्हणजे स्वस्ति म्हणणारा, अर्थात पुरोहित. थोडक्यात, मी! आणि गतीचंच म्हणाल तर मुलांची भिरभिरी आठवा. उजव्या स्वस्तिकाची टोकं पुढे धावताहेत असं मानलं तर ते घड्याळाच्या दिशेनं फिरतं, आणि टोकं मागे फरफटताहेत असं मानलं तर उलट. कागदावरची रेघ स्वतःहून कुठेच फिरत नाही.

जर्मनांकडे ते कसं गेलं हे थोडक्यात. हाइनरिख श्लीमाननं १८७० च्या दशकात तुर्कस्तानात हिसार्लिकला ट्रॉय खणलं. तिथल्या सूतकताईच्या मातीच्या चकत्यांवर त्याला हे चिन्ह वारंवार दिसलं. त्यावरून "आर्यांची खूण" अशी कल्पना युरोपात पसरली, वंशाभिमानी गटांनी ती उचलली, आणि १९२० मध्ये हिटलरच्या पक्षानं ते आपलं चिन्ह केलं. त्यांच्या भाषेत त्याचं नाव "हाकेनक्रॉइत्स", म्हणजे टोकं हुकासारखी वाकलेला क्रूस. त्याखाली साठ लाख ज्यू मारले गेले, आणि रोमा (जिप्सी) व इतर कितीतरी. हे नाव वेगळं ठेवणं उपयोगी आहे. कॅलिफोर्नियाच्या २०२२ च्या कायद्यात हा फरक नावानं केला गेला, आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं त्याच वर्षी नाझी चिन्हावर बंदी घालताना हिंदू, बौद्ध आणि जैनांचा धार्मिक वापर वगळला. तुमची मुलगी राहते त्या देशाचा नियम तिनं वसतिगृहाच्या कार्यालयात विचारून घ्यावा. गैरसमजातून तक्रार व्हायला वेळ लागत नाही.

आता मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, ते सांगते. शेजारणीच्या दारावर टकटक करून आधी विचारलं असतं, "तुझ्या पणजीचं नाव काय होतं?" ते सगळं ऐकून घेतलं असतं. इतिहासाचं व्याख्यान दिलं नसतं, दिशा तर मुळीच काढली नसती. तिनं विचारलं तर एवढंच सांगितलं असतं की हा आमच्याकडे नमस्कारासारखा शब्द आहे, "तुझं बरं होवो" असा, आणि आम्ही तो दारावर लिहितो. ज्याला उद्देशून शब्द लिहिला तोच तो वाचून दचकत असेल तर मी तो बाहेरच्या दारावरून पुसून आत देवाच्या फोटोपाशी काढला असता. वसतिगृहाचा बोळ सगळ्यांचा असतो, खोली तिची आहे. पुसण्यात पाप नाही. पूजा संपली की चौरंगावरचं स्वस्तिक आपण रोज पुसतोच. चैत्रांगणातलंही दुसऱ्या दिवशी झाडलं जातं आणि नवं काढलं जातं.

शेवटी तुमच्या लेकीनं विचारलेली स्वस्तिक काढायची पद्धत. कुंकू फार पातळ करू नये, नाहीतर उभ्या दारावर ओघळ येतात. थेंबभर पाण्यात किंवा तेलात दाट कालवावं. अनामिकेनं आधी उभी रेघ, मग आडवी, मग चारही टोकं उजव्या हाताच्या क्रमानं वळवायची, शेवटी चार ठिपके. "अधिकाचं चिन्ह आधी काढलं तर दोष लागतो" असं सांगणारे भेटतील. घराण्याची रीत तशी असेल तर तसं करा, दोषाची भीती नको. आणि स्वस्तिक छापलेलं पायपुसणं कुणी भेट दिलं असेल तर ते भिंतीला टांगा, दाराशी टाकू नका.